पसरलेले हात

उपवासकाळातल्या दर शुक्रवारी फादर अनसेल्मो फिलिपिन्समधल्या विगान गावच्या चर्चच्या हॉलमध्ये जुने सिनेमे दाखवायचे आणि त्यांत दडलेला प्रभू शोधून द्यायचे. कुणी पाव मोडला की चित्र थांबवायचे, कोंबडा आरवला की थांबवायचे. "फादरना पंख्याच्या पात्यांतही क्रूस दिसतो," असं म्हणून लोक हसायचे, पण यायचे.

त्या शुक्रवारी साठ वर्षांपूर्वीचा, इथल्याच किनाऱ्यावर काढलेला सिनेमा होता. शेवटी नायिका ओसाड वाळूत दोन्ही हात पसरून उभी राहते. फादरनी चित्र थांबवलं.

"ती झुकलेली मान बघा. थेट क्रुसावरचा ख्रिस्त! दिग्दर्शकानं काय योजलंय!"

"योजलं काही नव्हतं, फादर."

नन्सच्या वृद्धाश्रमात नुकतीच राहायला आलेली लोला इलुमिनादा, म्हणजे इलुमिनादा आजी, मागच्या बाकावरून बोलत होती. "ती मी आहे. माझा तेवढा एकच सिनेमा. समोरून नायक धावत येऊन मला मिठी मारणार होता. आमचं खरंच लग्न ठरलं होतं हो. त्या दिवशी तो शूटिंगला आलाच नाही. दिग्दर्शक म्हणाला, कॅमेरा चालू आहे, तशीच उभी राहा."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. फादरनी हळूच विचारलं, "मग पुढं काय झालं, लोला?"

 

"पुढं महिनाभर मी रोज तिथं जाऊन उभी राहत होते, फादर. तेव्हा कॅमेरा नव्हता."