आजची बस

इलिंकाची इटलीची बस दहाला सुटणार होती. तिथल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला सांभाळायचं काम तिला मिळालं होतं. सामान घरच्या गाडीत भरून झालं आणि गाडी सुरूच होईना. तिचा बाप कोस्ताके अंगणात गुडघे टेकून एकेक फ्यूज काढत होता आणि उजेडात धरून आतली तार बघत होता.

"बाबा, आटपा ना! बस थांबायची नाही माझ्यासाठी."

"उडालाय कुठलातरी. सापडेल गं."

लेकीचे डोळे भरून आले, तसं खिडकीतून बघणाऱ्या आईला, व्हिओरिकाला राहवेना. ती बाहेर आली आणि नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, "शोधू नकोस. इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाचा फ्यूज मीच काढला सकाळी. वाटलं, आजची बस चुकली तर थांबेल पोर. घे, बसव. जाऊ दे तिला."

कोस्ताकेने तो फ्यूज बसवला आणि किल्ली फिरवली. गाडी ढिम्म.



मग व्हिओरिकाची नजर चुकवत त्याने स्वतःच्या खिशातून दुसरा फ्यूज काढला.