वाढत्या मापाचा इन्व्हर्टर

"ऊन सातपासून असतं, पण हे मशीन नऊशिवाय उठत नाही," गच्चीच्या भिंतीवरच्या नव्या इन्व्हर्टरकडे बोट दाखवून चौबळांनी तक्रार केली.

सोलर तपासायला आलेल्या इरफानने झाकणही उघडलं नाही. "काका, पॅनेल दोन किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर पाचचा. एवढ्या मशीनला जागं करायला सकाळचं ऊन पुरत नाही. हा घ्यायला कुणी सांगितलं?"

"मीच घेतला. वाढत्या मापाचा." मुलांचे गणवेश त्यांनी याच तत्त्वावर घेतले होते, आणि मुलं खरोखर वाढलीही होती.

कुंदाताईंना कुतूहल वाटलं. "अहो, पण यात वाढणार काय?"

"पॅनेल."

"कुठे?"

चौबळांची नजर पलीकडच्या अर्ध्या गच्चीवर गेली. तिथे कुंदाताईंच्या कुरडया वाळत होत्या. पॅनेल आपल्याच अर्ध्यात ठेवीन, असा शब्द त्यांनी बायकोला दिला होता.

"लहान इन्व्हर्टर बदलून मिळेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसवलेला परत घेत नाहीत, काका. अजून सहा पॅनेल लावा, माप बरोबर बसेल."

"लावा की," कुंदाताई म्हणाल्या. "यांच्या अर्ध्यात गुलाबांना भरपूर ऊन असतं."

"अगं, चाळीस कुंड्या आहेत!"

"भावजींची गच्ची रिकामीच आहे."

हल्ली चौबळ रोज सकाळी गुलाबांना पाणी घालायला भावाकडे जातात. आई होती तेव्हा तू इतक्या नेमाने येत नव्हतास, असं भाऊ चहा देताना म्हणतो.