रोज वेगळी गाडी

मेकॅनिक जफरभाईंनी रद्दीवाल्याकडून लेकीसाठी जुन्या रहस्यकथांचा गठ्ठा आणला. त्यातली पोरगी एकटीच पडक्या बंगल्यात शिरून चोर पकडायची. ते वाचून नाजियानं हट्ट धरला आणि शेजारच्या बोरी गावात शिकवणीला एकटीनं जायची परवानगी मिळवली.

पण पहिल्याच दिवसापासून तिच्या सायकलमागं एक हेल्मेटवाला येऊ लागला. गाडी मात्र रोज वेगळी. पुस्तकातल्या पोरीसारखं नाजियानं डोकं चालवलं आणि सायकल वळवून थेट त्याच्यासमोर उभी केली.

"अब्बा, गिऱ्हाइकांच्या गाड्या फिरवून राह्यले ना तुम्ही? काढा ते हेल्मेट."

जफरभाईंनी हेल्मेट काढलं. कौतुकानं हसत म्हणाले, "शाब्बास बेटा! बरोबर ओळखलं."


मग जफरभाईच पुढं म्हणाले, "आता लपाचं कायले? उद्यापासून मीच सोडून देत जाईन तुले."