चाकांवरचं बिऱ्हाड

"उठा गं पोरींनो, बिऱ्हाड लादा!" बापाची ती पहाटेची हाळी हौसाबाईंना अजून ऐकू येई. मेंढरं पुढं निघत, भांडीकुंडी घोड्यावर चढत, आणि तीन दगडांची चूल उबेसकट माळावर मागं राही.

आज चाकांवरची घरं बांधणाऱ्या कारखान्यात हौसाबाईंचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, या गाडीतून त्या गाडीत उड्या मारत होते. राहतं घर विकून यापुढं गाडीतच संसार करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"हिच्यात पलंग मोठा, तिच्यात ओटा ऐसपैस. धनगराची लेक तू, आणि मी तुला चार भिंतींत कोंडलं! सांग, कुठली घ्यायची?"

हौसाबाई चढल्या, उतरल्या. एका गाडीचं दार त्यांनी उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मुठीतली घराची किल्ली तळव्याला रुतत होती.

"अगं, बोल की! पसंत नाही?"

त्या गाडीच्या पायरीवरच बसल्या.

"लग्नात मला तुम्हीसुद्धा पसंत नव्हता. मी तुमच्या घराच्या दाराला हो म्हटलं होतं. रात्री लावलेलं दार सकाळी तिथंच सापडेल, म्हणून."