बायनाबाईची जोडवी

मशीन पुन्हा किणकिणलं आणि धर्मराजनं खुरपं मारलं. निघाला गंजका खिळा. सकाळपासून हेच चाललेलं. खिळे, बाटल्यांची झाकणं आणि एक बैलाचा नाल.

धातू हुडकायचं ते मशीन घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. ते कसं फिरवायचं हे तो मोबाइलवर समुद्रकिनाऱ्याचे व्हिडिओ बघून शिकलेला. धारूरच्या डोंगरात समुद्र कुठला? दुष्काळानं तलाव आटला, तोच काय तो किनारा. त्याच्या डोक्यात तलावात बुडालेल्या गावातलं सोनं होतं, पण चुलती पहाटेच दारात येऊन बसली.

"आधी माजी लेक हुडकून दे," बायनाबाई म्हणाली. "मग तुझं सोनं हुडक."

बत्तीस वर्षांपूर्वी, तलाव भरायच्या आधी, तिनं तेरा दिवसांची पोर ओढ्याकाठी लिंबाखाली पुरली होती. पायातले चांदीचे वाळे तिनं कुणाला काढू दिले नव्हते. आता ना ओढा होता ना लिंब. नुसता भेगाळलेला गाळ, आणि तो उचलायला सोसायटीनं आणलेला जेसीबी दर फेरीला जवळ येत होता.

"हा गाळ सगळा शेतात चाललाय," ती म्हणाली. "उद्या माजी लेक कुणाच्या कपाशीत पडंल रे."

मशीन वाजलं. धर्मराज दोन पावलं सरकला, तरी वाजलं. मग त्याचं लक्ष मागोमाग येणाऱ्या तिच्या अनवाणी पायांकडं गेलं.

"काकू, तुझी जोडवी वाजायलीत. काढ ती."

"मालक जिते हायत माजे. जोडवी काढू व्हय?"

"मग लांब थांब."

ती लांब थांबली, पण किती वेळ? चार पावलं झाली की परत मागं. बाईचा जीवच थाऱ्यावर नव्हता. शेवटी मटकन खाली बसली, बोटांना थुंकी लावली, ओढून ओढून जोडवी काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. बोटांवर पांढरे वळ राहिले. धर्मराजला ते बघवेना.

त्यानंतर तासभर मशीन मुकं. तिकडून जेसीबीवाला पंडित हॉर्न मारायला लागला.

एका जागी बायनाबाई थबकली. वाकून तिनं मूठभर माती उचलली, आणि मशीन लांबलचक वाजलं.

"हितंच," ती म्हणाली आणि बसकण मारून मोठ्यानं रडायला लागली. एवढ्या वर्षांचं सगळं रडू तिनं तिथं काढलं.

धर्मराजनं खुरपं उचललं आणि तसंच धरून ठेवलं. तिचा पदर खाली लोळत होता. गाठ बरोबर मशीनच्या तबकडीखाली. त्यानं तबकडी हातभर बाजूला नेली. गप्प. परत गाठीवर आणली. वाजली.

पंडित उतरून आला. "घावलं का काही? मला हितंच बकेट घालायचीय."

धर्मराजनं मशीनचं बटण बंद केलं.

"घावलं. एवढा तुकडा सोड."

"खणून बघितलं का पण?"

"लेकरू हाय बे ते. खणून काय बघतो?"

पंडितनं डोक्याचा रुमाल काढला, मग जाऊन जेसीबी वळवला. दुपारपर्यंत चहूबाजूंचा गाळ खाली गेला. मधी तेवढा ओट्याएवढा उंचवटा राहिला आणि त्यावर बायनाबाई. भरलेल्या ट्रॉल्या एकामागं एक बाहेर पडत होत्या. कुठं वाळे दिसतात का, म्हणून धर्मराज प्रत्येकीत डोकावून बघत होता. त्याला राहवतच नव्हतं.

बायनाबाईनं पदराची गाठ सोडली. एकेक जोडवं बोटात चढवलं.

"ट्रॉल्यांकडं बघू नको, धर्मा," ती म्हणाली.