कडबाकुट्टीवरचं नाव

"केवळाबाई, हे यंत्र तुमचं कशावरून?" अनुदानाच्या तपासणीला आलेल्या कृषी सहाय्यकानं कडबाकुट्टीभोवती दुसरी फेरी मारली. "याच नंबराच्या यंत्रावर उपसरपंचांना गेल्याच महिन्यात अनुदान मिळालंय. तुमचा अर्ज खोटा ठरतो."

"ते फोटोपुरतं घेऊन गेले होते," केवळाबाई म्हणाली. "त्यांच्या गोठ्यात साधी शेळी नाही, कडबा कुणाला घालतील?"

"असं सगळेच सांगतात."

"मग त्यांच्या अर्जाला जोडलेला तो फोटो मोबाईलवर मोठा करून बघा की."

साहेबांनी संशयानंच केला. उपसरपंच यंत्राला टेकून हसत होते, आणि त्यांच्या कोपराशेजारी पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: सौ. केवळाबाई दगडू डोईफोडे. पंगतीला दिलेली परात परत यावी म्हणून बायका नाव घालून घेतात, तसंच तिनं भांडेवाल्याकडून घालून घेतलं होतं.

फोटोखाली प्रत्यक्ष पाहणी केल्याची सही होती. ती साहेबांचीच होती.

त्यांनी पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर दबक्या आवाजात विचारलं, "मावशी, हे नाव घासल्यावर जाईल का हो?"

"बघू की," ती म्हणाली, "आधी माझा अर्ज मंजूर होऊ द्या."