पाहुण्यांचे अश्रू

वाळवंटाकाठच्या डोंगरातल्या, बर्बर जमातीच्या गावात इत्तोच्या घरी तिचा गाईड भाचा इदीर वाळवंटाच्या सहलीचे पाहुणे चहाला आणायचा. तो इंग्रजीत काहीतरी सांगायचा आणि बायका तिला मिठी मारून रडायच्या. किती मायाळू माणसं, असं म्हातारीला वाटायचं.

आज पुण्याच्या एक बाई रडू लागल्या, तशी इंग्रजी शिकलेली नवी सून दारातच थबकली.

"आई, हा सांगतोय, तुमचा मुलगा समुद्रात बुडाला!"

इत्तो इदीरकडे वळली. "अरे, तुला मी पोटच्या पोरासारखं वाढवलं ना?"

"मावशी, लोकांना असंच ऐकायला आवडतं," इदीर पुटपुटला.

इत्तोने खजुरांच्या बागेतून मुलाला बोलावून पाहुण्यांसमोर उभं केलं. "सांग यांना, हा कोण ते." इदीर चहाचे पेले गोळा करू लागला. शेवटी सुनेने सांगितलं.

बाई ताडकन उठल्या, काहीतरी बोलून निघून गेल्या.

"काय म्हणाल्या गं?"

सुनेने मान खाली घातली. "म्हणाल्या, मावशी-भाचे दोघंही लबाड."